एकेचाळीस दात्यांचं चाक

मंगळवार, ३

आज जे झालं ते आधी क्रमाने. मत नंतर.

१. सरकारी रुग्णालयांच्या खरेदी विभागाने नमुना-खाटांची तपासणी ठेवली होती. मागच्या अंगणात सहा कारखान्यांच्या खाटा ओळीने मांडलेल्या. आमची तिसरी.
२. वाळूची पोती टाकून वजनाची चाचणी. आमची खाट तसूभर वाकली नाही. शेजारची वाकली, तरी पास. तेवढं वाकणं नियमात बसतं.
३. रंग, चाकं, कडेचे कठडे: हरकत नाही.
४. तपासनिसाने डब्यातून विभागाचा प्रमाण नट काढला आणि आमच्या स्क्रूच्या आट्यांवर चढवला.
५. दोन फेरे गेला. तिसऱ्याला अडकला.
६. बाबा म्हणाले, "तो आमचा स्वतःचा आटा आहे. त्याला आमचाच नट लागतो."
७. तपासनीस म्हणाला, "तेच लिहितोय."
८. नमुना नापास.
९. त्याच अटीखाली, रुग्णालयांमध्ये आज वापरात असलेल्या आमच्या सगळ्या जुन्या खाटा भंगारात निघणार. लिलाव ३० तारखेला.

मत: आठवा मुद्दा बाबांनी ऐकला. नववा ऐकला की नाही, सांगता येत नाही. परतताना टेम्पोत मागे खाट, पुढे आम्ही तिघं: बाबा, मी आणि आमचा फिटर. फिटरला सगळे 'पाना' म्हणतात, कारण जेवायला बसला तरी खिशात पाना असतो. पाना म्हणाला, "साहेब, नापास खाटेला टेम्पोचं भाडं जास्त पडतं का हो?"

बाबा हसले नाहीत. एरवी हसतात.

बुधवार, ४

नवीन पद्धत मला पटते. हीच अडचण आहे.

आमच्या खाटेच्या पायथ्याशी एक हँडल असतं. ते फिरवलं की खाटेखालचा लांब स्क्रू फिरतो, त्यावरचा नट पुढे सरकतो आणि पेशंटची पाठ उचलली जाते. अख्खी खाट त्या स्क्रूवर आहे. पूर्वी प्रत्येक रुग्णालयाचा स्टोअरकीपर विक्री बघणाऱ्या माझ्या काकांना फोन करायचा, काका चहाला जायचे, खाटा जायच्या. बिघाड झाला की पुन्हा आम्हालाच फोन, कारण आमच्या स्क्रूला दुसऱ्या कोणाचा नट बसतच नाही. आता सगळी खरेदी एका जागी, पोर्टलवरून. आणि विभागाला नुसती खाट नको, पाच वर्षं चालती राहणारी खाट हवी. मोडली तर वॉर्डातच, दोन दिवसांत, कोणत्याही फिटरला दुरुस्त करता आली पाहिजे. म्हणून सुटे भाग सगळ्यांचे सारखे. मी त्यांच्या जागी असते तर हीच अट घातली असती.

हे घरात बोललेले नाही.

बाबांचं म्हणणं: आजोबांनी हा आटा मुद्दाम वेगळा ठेवला. "गिऱ्हाईक बांधायला दोरी लागत नाही, आटा पुरतो," हे मी लहानपणापासून ऐकते आहे. कारखान्याचं ते ब्रीदवाक्यच आहे.

पोर्टलवर नापासाचा अहवाल बघायचा होता. कारखान्याच्या खात्यावर अधिकृत व्यक्ती म्हणून माझं नाव निघालं. बाबांनी कधी टाकलं ठाऊक नाही; मी तेव्हा इथे नव्हतेच, नोकरीच्या गावी होते. लॉगिनचा कोड माझ्या फोनवर येतो, म्हणजे माझ्याशिवाय कोणाला खातं उघडताच येणार नाही. गैरसोयीचं आहे. बदलून घ्यायला हवं.

शुक्रवार, ६

खरेदी विभागात गेले. अधिकारी मॅडम नवीन आहेत. खुर्चीवर बसा म्हणाल्या नाहीत, मीही बसले नाही.

"आमच्या खाटा वीस-वीस वर्षं वापरात आहेत," मी म्हणाले.

"असतील. नट बसतो का?"

"नाही. पण भंगार हा शेवटचा उपाय असायला हवा."

"काय असायला हवं ते सांगायला इथे रोज दहा जण येतात. अटींमध्ये काय आहे ते सांगणारा अजून आला नाही." त्यांनी टेबलावरची अटींची छापील प्रत माझ्याकडे सरकवली. "वाचता येतं ना? मग वाचा."

त्या थंड आणि तुसड्या वाटल्या. प्रतीतलं एक पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं. एवढ्या हुद्द्यावरच्या व्यक्तीने कागद असे वापरावेत याचं नवल वाटलं. सरळ केलं.

माझी रजा २२ला संपते. तोपर्यंत हे मार्गी लागलं पाहिजे. मग ऑफिस.

सोमवार, ९

पान सत्तावीस, तळाशी: वापरात असलेल्या खाटेला प्रमाण सुट्या भागांचा संच बसवून कोणताही कारखाना ती पुन्हा प्रमाणित करून घेऊ शकतो. अशी खाट भंगारात निघणार नाही आणि तिच्या पाच वर्षांच्या देखभालीचं काम त्याच कारखान्याला मिळेल. अट एकच: संचाचा आराखडा विभागाला द्यायचा, आणि विभाग तो सगळ्यांना खुला करणार.

दुमडलेलं पान हेच. योगायोग.

म्हणजे नवीन खाटांची निविदा गेली तरी जुन्या खाटा आहेत. शेकडो. त्या आमचं गिऱ्हाईक आहेत, भंगार नाहीत. हे मी जेवताना मांडलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिनियर बाई, तुमचं पान सत्तावीस राहू द्या. आज माझ्याकडे माणूस आला होता."

माणूस म्हणजे निविदा जिंकलेल्या मोठ्या कंपनीचा. त्यांना खाटांचे नुसते पाय बाहेरून करून हवेत. वर्षभराचं काम. शिक्का त्यांचा. उत्तर २०पर्यंत हवं.

"पाय?" बाबा म्हणाले.

"पाय तर पाय, दादा. शेवटी पायावरच उभं राहतं सगळं."

"आणि माझी टिंबं?"

बाबा स्वतःच्या हाताने केलेल्या प्रत्येक वस्तूवर पंचने तीन टिंबं मारतात. आमच्या घरच्या स्वयंपाकघरातल्या रॅकवरही आहेत.

"टिंबं नको म्हणतात," काका म्हणाले. "रंगाला अडतात."

बाबांनी ताट सारलं. आई म्हणाली, "अन्नावर राग काढायचा नाही, पायांवर काढा." पुन्हा ताट ओढून जेवले.

मंगळवार, १०

संच करायचा तर आधी आमचा आटा नेमका काय आहे ते कळायला हवं. आजवर कोणी मोजलेला नाही. गरजच पडली नाही. स्क्रू आणि नट एकाच लेथ मशीनवर होतात, एकमेकांना बसतात.

जेवणाच्या सुट्टीत एक स्क्रू घेऊन वीस आट्यांची लांबी मोजली. प्रमाण आट्याची शंभर मिलिमीटर भरते. आमची एकशे अडीच भरली. आणखी तीन स्क्रू मोजले, सगळे तसेच. मुद्दाम वेगळा आटा ठेवायचा तर माणूस पाचाचा सहा करेल, चार करेल. पाचाचा सव्वापाचही नाही असा विचित्र आकडा कोणी ठरवून ठेवणार नाही.

लेथचं झाकण काढलं. आट्याचं माप ज्या दातेरी चाकावर ठरतं त्यावर चाळीस दाते हवेत. तीन वेळा मोजले. एकेचाळीस.

म्हणजे तो आटा वेगळा नाही, चुकलेला आहे.

चाक कारखान्यातच कापलेलं आहे, विकतचं नाही. उलट बाजूला, भोकाशेजारी, तीन टिंबं.

चाक परत बसवलं. झाकण लावलं. पाना म्हणाला, "ताई, दात दुखतोय का लेथचा?" म्हटलं, "एक जास्तीचा आहे." तो विनोद समजून हसला.

शुक्रवार, १३

भांडण झालं. मी आवाज चढवला नाही, हे नोंदवते. बाकीच्यांनी चढवला.

काकांचा मुद्दा आराखड्याचा. "आपलं गुपित फुकट वाटायचं आणि वर आपणच अर्ज करायचा? आटे ढिले झालेत का तुझे? उद्या गल्लीतला कोणीही आपल्या खाटा दुरुस्त करेल."

"हो. म्हणूनच विभाग त्या ठेवेल."

"मग आपल्याकडे कोण येणार?"

"आपण जाणार. वॉर्डात, दोन दिवसांच्या आत. जो आधी पोचेल त्याचं काम."

"आजवर लोक आपल्याकडे येत होते."

"येत नव्हते, काका. अडकले होते."

हे बोलायला नको होतं. बाबा म्हणाले, "तू मोजलंस."

"हो."

"किती?"

"एकेचाळीस."

काका म्हणाले, "काय एकेचाळीस?" बाबा उठून कारखान्यात गेले. कारखाना घराच्या मागेच आहे. लेथ सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

मी चूक केली का, हा प्रश्न इथे लिहून ठेवते. हिशेबाने उत्तर नाही असं येतं. पण हिशेब सगळा धरला आहे की नाही याची खात्री नाही.

सोमवार, १६

सकाळी कारखान्यात गेले तर बाबा चाक कापत होते. नवीन.

त्यांनी मला जवळ बोलावलं नाही, जा असंही म्हणाले नाहीत. मी पट्टी धरली. काम करता करता, माझ्याकडे न बघता बोलले:

"मूळचं चाक फुटलं तेव्हा मी नुकता कामाला लागलो होतो. तुझे आजोबा बाहेरगावी. म्हटलं, ते यायच्या आत कापून ठेवतो. कागदाच्या पट्टीवर रेघा मारल्या. चाळीस घरं पाडायला पट्टीवर एकेचाळीस रेघा लागतात, हे बरोबर होतं. पण पट्टी चाकावर गुंडाळली की पहिली आणि शेवटची रेघ एकाच जागी यायला हवी. ते नाही सुचलं, दोन्ही रेघा शेजारी-शेजारी बसवल्या. प्रत्येक रेघेवर एक दाता पाडला."

"आजोबांना कळलं?"

"पन्नासेक खाटा गेल्यावर. त्यांनी दुसरीकडचा नट चढवून बघितला, अडकला. स्क्रू हातात घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता गेलो. तर सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, झकास. आता आपलं गिऱ्हाईक कुठे जात नाही. हा आपला आटा."

"आणि चाक बदललं नाही."

"नाही. बदललं असतं तर का बदललं ते सांगावं लागलं असतं."

आजोबांना धंदा चांगला कळत होता असं दिसतं.

नव्या चाकाचे दाते त्यांनी मला मोजायला लावले. चाळीस. मग पंच घेतला, तीन टिंबं मारली. जुनं चाक मी भंगाराच्या पेटीकडे नेत होते. म्हणाले, "ठेव ते. सगळ्या खाटांना संच बसेपर्यंत जुने नट लागतीलच." हे मला सुचायला हवं होतं.

बुधवार, १८

संच तयार झाला: प्रमाण आट्याचा स्क्रू, त्याचा नट आणि आमच्या जुन्या खाटेच्या पट्टीत चपखल बसेल असं नटाचं घर. बसवून बघायला खरी, वापरातली खाट हवी होती. परवानगी मागितली असती तर लिलाव होऊन गेल्यावर मिळाली असती. मागितली नाही.

जवळच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "वॉर्ड माझा आहे. या."

बाबा आले. इतक्या वर्षांत ते वॉर्डात कधी गेले नव्हते, हे मला आज कळलं. दारात थबकले. दोन्ही बाजूंनी त्यांच्याच खाटा, प्रत्येकीवर कोणीतरी झोपलेलं. टिंबं शोधत होते बहुतेक.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे आजोबा होते. पाना खाटेखाली शिरला तसे म्हणाले, "मला आधी उतरवताय की माझाही नट बदलताय?" त्यांना खुर्चीत बसवलं. पान्याने जुना स्क्रू काढला, नवीन चढवला. खाट जागची हलवावी लागली नाही. आजोबांचा चहा संपायच्या आत झालं. मी खिशातून बाजारातला प्रमाण नट काढून नव्या स्क्रूवर फिरवून बघितला. टोकापासून टोकापर्यंत गेला.

"आता सांगते," मोठ्या सिस्टर बाबांना म्हणाल्या. "ही खाट माझ्यापेक्षा सीनियर आहे. तिला भंगारात काढायचं तर आधी मला काढा. पण हे हँडल ज्याने केलं ना, त्याला मला एकदा भेटायचं होतं."

"मीच," बाबा म्हणाले.

सिस्टरांनी नडगी दाखवली. जुनी खूण होती, शेजारी नवी. "प्रत्येकीला आहे. हँडल बाहेर राहतं, येता-जाता लागतं. तुमच्या खाटेने माझी एकही मुलगी सोडलेली नाही."

"कधी बोलला नाहीत."

"कोणाजवळ बोलणार? तुमचे भाऊ स्टोअरपर्यंत यायचे, चहा घ्यायचे, जायचे."

बाबा खाली बसले. चाळिशी काढून पुसली, परत लावली आणि हँडलच्या सांध्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "इथे बिजागरी दिली तर आत दुमडेल. लिहून घे."

आम्ही इतकी वर्षं स्टोअरला खाटा विकत होतो. वॉर्डाला नाही.

येताना टेम्पोत पाना म्हणाला, "साहेब, पास झालेल्या खाटेला भाडं कमी पडतं का?" बाबा हसले.

शुक्रवार, २०

कंपनीचा माणूस उत्तरासाठी आला. बाबांनी त्याला नवीन हँडल दाखवलं, दुमडून, उघडून. त्याने विचारलं, "हे आम्हाला द्याल का?"

"आराखडा विभागाकडे खुला होणार आहे," बाबा म्हणाले. "तिथून घ्या. फुकट आहे."

"मग पायांचं काय?"

"पाय आमचे आम्हाला लागतात."

तो काकांकडे बघायला लागला. काका मला वाटलं होतं तसं काही बोलले नाहीत. म्हणाले, "चहा घेऊन जा." तो गेल्यावर मात्र म्हणाले, "दादा, बुडालो तर मी सांगणार, तुझी मुलगी."

"सांग."

मग ते फोन घेऊन बसले. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या मजल्यावर आमच्या किती खाटा, कोणती डुगडुगते, कोणत्या वॉर्डातली दोन वर्षं भिंतीला टेकून उभी आहे, हे त्यांना सगळं ठाऊक होतं, किंवा ज्याला ठाऊक आहे तो ठाऊक होता. मी नोंदवत गेले. विभागाकडे इतकी पक्की माहिती नसणार. काकांच्या चहांना मी आजवर नावं ठेवत आले. ती नावं मागे घेते. थोडी शिल्लक ठेवते.

ऑफिसची मेल आली आहे, सोमवारी हजर होणार का म्हणून. उत्तर द्यायचं राहिलं.

सोमवार, २३

अर्ज लिहिला. मसुद्यात मी "आमच्या स्क्रूचा आटा वेगळा आहे" असं घातलं होतं. बाबांनी वाचून 'वेगळा' खोडलं आणि पेनाने वर 'चुकीचा' लिहिलं. काका म्हणाले, "सरकारी कागदावर कोणी असं लिहितं का?" बाबा म्हणाले, "आपण लिहितो."

सहीसाठी पान त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी परत माझ्याकडे सरकवलं. "पोर्टलवर तुझं नाव आहे."

"ते का टाकलंत, कधीच विचारलं नाही मी."

"तुझं अक्षर चांगलं आहे."

पोर्टलवर अक्षर कुठे दिसतं? पण वेळ नव्हता, सही केली. नाव बदलून घ्यायचं पुन्हा राहिलं. रजा काल संपली.

पाठवलेला मजकूर, जसाच्या तसा:

प्रति, खरेदी अधिकारी.

रुग्णालयांत वापरात असलेल्या आमच्या खाटा भंगारात काढण्याचे ठरले आहे. त्याला आमची हरकत आहे.

आमच्या स्क्रूचा आटा चुकीचा आहे. ही चूक आमच्या कारखान्यात झाली, आणि आम्ही ती बरीच वर्षे मिरवली. परंतु चूक आट्यात आहे, खाटेत नाही. आटा आम्ही दुरुस्त केला आहे. अटी, पान सत्तावीस, याप्रमाणे संचाचा आराखडा सोबत जोडला आहे. तो कोणालाही द्यावा. आमच्यासोबत नमुने ठेवलेल्या पाचही कारखान्यांना द्यावा. हँडलमुळे परिचारिकांना इजा होते, असे आम्हाला नुकतेच समजले. त्याचाही सुधारित आराखडा जोडला आहे. कोणती खाट कोणत्या वॉर्डात आहे, याची यादीही सोबत आहे.

या महिन्याच्या १८ तारखेला आम्ही परवानगी न घेता एका वॉर्डातील एका खाटेला संच बसवला. त्याबद्दल जी कारवाई करायची ती करावी. परंतु आधी ती खाट पाहावी.

त्यानंतर आपण आपल्या पसंतीची कोणतीही खाट निवडावी. सगळ्यात वाईट निवडली तरी चालेल. नट आपल्या डब्यातला घ्यावा. फिटरही आपलाच आणावा, आमचा नको. नट टोकापर्यंत गेला नाही, तर ती खाट आम्ही स्वतः भंगारात नेऊन टाकू.

लिलाव ३० तारखेला आहे. तपासणीचा दिवस कळवणारे लेखी उत्तर शुक्रवार, २७ तारखेपर्यंत द्यावे.